एक दांडा, चार कामं: कमरेतून वळणाऱ्या गाडीचं नियंत्रण सोपं करताना

फुटपाथवरचा बर्फ हटवणारी छोटी गाडी एका फेरीत काय काय करते, ते आधी पाहू. ब्लेड जमिनीला टेकवून ती सरळ पुढे जाते. कोपऱ्याशी ढीग साचला की थांबते, ब्लेड उचलते आणि मागे येते. मागे येता येताच ब्लेडचा कोन एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो, गाडी कमरेत, म्हणजे मधल्या सांध्यात, वाकून शेजारच्या पट्ट्यावर येते, ब्लेड पुन्हा टेकतं आणि पुढची फेरी सुरू होते. मधल्या उलट्या टप्प्याला जेमतेम तीन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात चालकाला पाच गोष्टी बदलायच्या असतात: दिशा, वेग, ब्लेडची उंची, ब्लेडचा कोन आणि वळण. हात दोनच.

ताशी ८ किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात १.१ मीटर सरकते. दांडा शोधायला नजर अर्धा सेकंद खाली गेली, की ब्लेडची कड तेवढ्या वेळात फुटपाथचा वर आलेला दगड किंवा झाकलेली गटाराची चौकट गाठते. नियंत्रणं सोपी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते या तीन-चार सेकंदांत ठरतं. डॅशबोर्ड किती नीटनेटका दिसतो याचा इथे फारसा संबंध नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑरविल इथे व्हेंट्रॅक नावाने बनणाऱ्या गाड्यांनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर अभ्यासण्यासारखं आहे. बनवणारी कंपनी २०२० मध्ये टोरोने विकत घेतली, पण नियंत्रणाची कल्पना त्याआधीची आहे. तिच्या ४५०० मालिकेतली गाडी मधल्या सांध्यातून वळते, चारही चाकांना जोर असतो आणि अवजार पुढे लागतं. गवत कापणी, झाडू, ब्लेड, बर्फ उडवणारं यंत्र, बकेट अशी तीसहून जास्त अवजारं तिला चालतात. चालकाच्या उजव्या हाताशी जो दांडा असतो त्याला कंपनी एसडीएलए म्हणते: स्पीड, डायरेक्शन, लिफ्ट, ऑक्झिलरी. वेग, दिशा, उचल आणि अवजाराची जादा हालचाल, चारही एकाच मुठीत. डावा हात पूर्ण वेळ स्टिअरिंगवर.

कल्पना ऐकायला सरळ आहे. ती कुठे कुठे फसू शकते आणि कशामुळे उभी राहते, हे पुढे उलगडून पाहू. पुढचे आकडे २५ ते ३० अश्वशक्तीच्या गाडीला शोभतील असे हिशेबासाठी धरले आहेत. ते कोणत्याही एका मॉडेलचे नव्हेत.

नजर पुढेच का हवी

मधोमध सांधा असलेल्या गाडीच्या वळणाचा हिशेब सोपा आहे. दोन ॲक्सलमधलं अंतर १.२ मीटर आणि सांधा ४५ अंश वाकलेला असेल, तर ॲक्सलच्या मध्याची वळणत्रिज्या ०.६ भागिले टॅन २२.५, म्हणजे सुमारे १.४५ मीटर येते. गाडीची रुंदी १.२ मीटर धरली, तर बाहेरच्या चाकाची कड २.०५ मीटरवरून जाते. आता पुढच्या ॲक्सलच्या १ मीटर पुढे १.५ मीटर रुंदीचं ब्लेड लावा. त्याचा बाहेरचा कोपरा २.४२ मीटरवरून फिरतो. म्हणजे चाक जिथून सुखरूप गेलं, त्याच्या ३७ सेंटिमीटर बाहेरून ब्लेडचा कोपरा गेला. विजेचा खांब, दाराची पायरी, उभी मोटार, सगळं या ३७ सेंटिमीटरमध्ये सापडतं.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. ही गाडी जागच्या जागी उभी असतानाही स्टिअरिंग फिरवलं की वाकते. सांध्यापासून ब्लेड १.६ मीटरवर आहे. मागचा भाग जमिनीला धरून राहिला आणि पुढचा ४५ अंश फिरला, तर ब्लेड १.१ मीटरहून जास्त आडवं सरकतं. मोटारीची सवय असलेल्या माणसाला ‘गाडी उभी आहे म्हणजे काही हलणार नाही’ असं वाटतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसालाही तसंच वाटतं. सांध्याजवळ पाय अडकण्याची जागा असते ती वेगळीच. म्हणून चालकाची नजर पुढच्या कडेवर आणि आजूबाजूच्या माणसांवर राहायला हवी. हाताला नजरेची मदत मागायची सोय ठेवू नये.

कोणती कामं एकत्र, कोणती लांब

अशा गाडीच्या सगळ्या नियंत्रणांची यादी केली तर साधारण ही निघते: स्टिअरिंग, पुढे-मागे दिशा, वेग, इंजिनाची गती, अवजाराची उचल, फ्लोट (अवजार जमिनीवर मोकळं सोडणं), जादा हायड्रॉलिक, पीटीओ (इंजिनाचा जोर अवजाराला देणारी जोडणी), पार्किंग ब्रेक, किल्ली. जिथे विभेदक कुलूप (डिफरन्शियल लॉक, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) किंवा कमी-जास्त गिअर असतो तिथे आणखी एक-दोन. दहा-बारा गोष्टी. यादी लांब आहे म्हणून ती नुसती आखूड करायला बसू नये. प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न लिहावेत: एका फेरीत हे किती वेळा लागतं? आणि आणखी कशाबरोबर, त्याच सेकंदात लागतं?

बर्फाच्या फेरीत दिशा, वेग, उचल, कोन आणि वळण प्रत्येक फेरीला लागतात आणि एकमेकांवर चढून येतात. इंजिनाची गती दिवसातून काही वेळाच बदलते, कारण हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पंपाच्या तेलावर चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन एका गतीवर सोडून देता येतं आणि चाकांचा वेग पंपाच्या तिरप्या तबकडीने बदलतो. ही सोय नसती तर एका दांड्याची कल्पना जन्मालाच आली नसती. क्लच आणि गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये वेग बदलायला दोन पाय आणि एक हात अडकतो. तिथे मुठीत बाकी काही देऊन उपयोग नाही. पीटीओ कामाच्या सुरुवातीला चालू आणि शेवटी बंद. पार्किंग ब्रेक उतरताना.

म्हणजे यादी आपोआप दोन ढिगांत पडते. पहिला ढीग उजव्या मुठीत जातो. दुसऱ्या ढिगातल्या गोष्टी मुद्दाम हात लांबवून घ्याव्या लागतील अशा जागी ठेवायच्या. पीटीओची कळ दांड्याच्या डोक्यावर बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण तिथे जागा असते. तो आवरावा. धक्क्यात अंगठा घसरला आणि पाती सुरू झाली, असं होण्याची शक्यताच ठेवू नये. पीटीओची कळ वर खेचूनच चालू होणारी आणि थाप मारली की बंद होणारी हवी. रंगही रूढ संकेताप्रमाणे: चालण्याशी संबंधित दांडे नारिंगी, पीटीओ पिवळा, इंजिन बंद करण्याचं लाल, बाकी काळे. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात हे रंग बसलेले असतात. वेगळे रंग ‘उठून दिसतात’ म्हणून वापरणं म्हणजे फुकट मिळालेलं प्रशिक्षण टाकून देणं.

मुठीचे अक्ष

एका दांड्याला हाताने सहज देता येतील अशा हालचाली मोजक्या: पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि बोटांनी चालवायची एखादी छोटी तिसरी. एसडीएलएमध्ये पुढे-मागे म्हणजे गाडीची दिशा आणि वेग. जास्त ढकललं तर जास्त वेग, मध्ये आणलं तर थांबा. आडवी हालचाल म्हणजे उचल. त्याच मुठीला जोडलेला दुसरा छोटा दांडा जादा हायड्रॉलिकसाठी. ब्लेडचा कोन, झाडूचा कोन, बर्फ उडवणाऱ्या नळकांड्याची दिशा त्यावर.

पुढे-मागेला गाडीचं पुढे-मागे जाणं देण्यात विचार आहे. हात ज्या दिशेला जातो त्या दिशेला गाडी जाते, ही जुळणी शिकवावी लागत नाही. आडव्या हालचालीला उचल देणं मात्र निव्वळ करार आहे. डावीकडे ढकललं की ब्लेड वर का यावं, याला निसर्गात उत्तर नाही. तिथे चिन्हाची पट्टी, सराव आणि सर्व गाड्यांवर एकच दिशा एवढंच हातात असतं.

फिनलंडचे अव्हांट लोडर वेगळ्या वाटेने जातात. तिथे चालणं पायाकडे आहे, पुढे आणि मागे जायला वेगवेगळ्या पायपट्ट्या, आणि हाताच्या जॉयस्टिकवर बूम. दोन्ही बरोबर आहेत, कारण काम वेगळं आहे. लोडरला बूमची उचल आणि बकेटची कलणी एकाच वेळी, बारकाईने लागतात. बकेट वर जाताना सपाट ठेवायची तर दोन्ही अक्ष एकत्र हलले पाहिजेत, म्हणजे मुठीतले दोन्ही मुख्य अक्ष बूमनेच घेतले. चालणं पायात जाणार हे ओघानेच आलं. ब्लेड आणि झाडूच्या गाडीत उचल बहुतेक वेळा ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढीच असते, तिला बारकावा लागत नाही. बारकावा लागतो तो वेगाला. म्हणून वेग हातात. दुसऱ्याची मांडणी उचलण्याआधी आपल्या अवजारात कोणत्या दोन गोष्टी एकाच क्षणी आणि मापून लागतात, ते शोधावं. मुठीचे मुख्य अक्ष त्यांचे.

वेग वाढवला की ब्लेड का हलतं

एका दांड्याची सगळ्यात चिवट खोड ही. कागदावर दोन अक्ष वेगळे असतात, लोखंडात ते एकमेकांत मिसळतात.

दांड्याच्या बुडाशी दोन पिना असतात. आडव्या पिनेवर दांडा पुढे-मागे कलतो आणि एका रॉडने पंपाचा हात फिरवतो. त्या पिनेवर बसलेल्या चौकटीत दुसरी पीन. तिच्यावर दांडा डावी-उजवीकडे कलतो आणि एका केबलने व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारी सरकती दांडी, ओढतो. ही केबल खाली उभी जाते. तिच्या टोकाचा गोळा आडव्या पिनेच्या रेषेतच असेल, तर दांडा पुढे-मागे केल्यावर गोळा जागच्या जागी फिरतो आणि केबलला काही कळत नाही. गोळा त्या रेषेच्या १० मि.मी. मागे बसवला असेल, तर दांडा २० अंश पुढे नेल्यावर तो १० गुणिले साइन २० म्हणजे ३.४ मि.मी. वर येतो. अशा छोट्या व्हॉल्व्हचा स्पूल एका बाजूला साधारण ६ ते ७ मि.मी. सरकतो. म्हणजे चालकाने फक्त वेग वाढवला आणि स्पूल अर्धा उघडला. ब्लेड आपसूक वर किंवा खाली.

तक्रार येते ती ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ किंवा ‘सिलिंडरचं सील गेलं’ अशी. सील बदललं जातं, खोड तशीच राहते. ओळखायची खूण अशी: इंजिन बंद करून, स्पूलच्या टोकाला डायल गेज किंवा निदान पट्टी धरून, दांडा आडवा न हलवता पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यावा. स्पूल १ मि.मी.पेक्षा जास्त हलला तर दोष भूमितीत आहे. गोळा रेषेच्या १ मि.मी.च्या आत आणला की तेच सरकणं ०.३ मि.मी.वर येतं आणि स्पूलच्या मृत पट्ट्यात, म्हणजे सरकूनही तेल सुटत नाही तेवढ्या अंतरात, जिरून जातं. यासाठी ब्रॅकेटमधलं भोक गोल न ठेवता लांबट ठेवावं, म्हणजे जुळणीच्या वेळी सरकवून पक्कं करता येतं. बुश झिजले की हाच दोष वर्षभराने परत येतो. तेव्हा दांडा टोकाशी किती ढिला झुलतो, ते देखभालीच्या यादीत असावं.

शरीरही दांडा हलवतं

चालक झटकन निघतो. गाडी पुढे उसळते, अंग मागे जातं, हातही मागे जातो आणि दांडा मागे ओढला जातो. गाडी मंदावते, अंग पुढे झुकतं, दांडा पुढे. अशी सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांची साखळी लागते आणि गाडी घोड्यासारखी उड्या मारते. चालकाला दोष देऊन हे सुटत नाही, कारण हेलकाव्याचं कारण दांड्याच्या आणि अंगाच्या जोडणीत आहे.

त्यावर तीन उपाय, परिणामाच्या क्रमाने. पहिला, मनगटाला टेकू. कोपर ते मनगट गाडीला टेकलेलं असलं की अंग हललं तरी मूठ गाडीबरोबर राहते. टेकू सीटबरोबर वर-खाली होणारा हवा, चौकटीला पक्का बसवलेला नको, नाही तर सीट दबली की हात लोंबकळतो. दुसरा, पुढे-मागेच्या अक्षावर तेलाचा छोटा दमक, म्हणजे झटका जिरवणारा आणि सावकाश ढकल्याला वाट देणारा. तिसरा, घर्षणाची चकती. ती आवळली की दांडा दिलेल्या जागी राहतो, गवत कापताना बोटं दुखत नाहीत. पण हात सुटला तरी गाडी चालत राहते. स्प्रिंगने मध्ये परतणारा दांडा सुरक्षित, पण चार तास धरून ठेवायला कठीण. घर्षणाचा मार्ग घ्यायचा असेल, तर माणूस उठला की यंत्र थांबवणारा सीटखालचा स्विच नीट काम करत असलाच पाहिजे.

उतारावर वेगळीच अडचण येते. २० अंशांच्या आडव्या उतारावर ७५ किलोच्या माणसाचं २५ किलोएवढं वजन बाजूला ओढतं. माणूस जे हाताला लागेल ते धरतो. उजव्या हाताला दांडा लागतो. दांड्याची आडवी हालचाल म्हणजे उचल. व्हेंट्रॅकची ४५०० दुहेरी चाकांवर ३० अंशांपर्यंतच्या उतारासाठी सांगितली जाते; अशा गाडीत बाजूला टेकणारी सीट, पट्टा आणि उजव्या मांडीशी घट्ट कठडा हा नियंत्रण-रचनेचाच भाग समजायला हवा. माणूस पक्का बसलेला नसेल तर कितीही चांगला दांडा आधाराची मूठ बनतो.

फ्लोट

ब्लेड जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वर-खाली व्हावं म्हणून उचलीच्या सिलिंडरची दोन्ही तोंडं टाकीला मोकळी सोडतात, हा फ्लोट. स्पूलच्या ‘खाली’ बाजूच्या शेवटी तो खटका असतो. चालक पूर्ण ढकलतो, खटका बसतो, हात मोकळा.

घोळ होतो तो त्याच दांड्यावर बकेट चालवताना. भरलेली बकेट उचललेली आहे, थोडी खाली घ्यायची आहे, हात जरा जास्त गेला आणि फ्लोट लागला. बकेट स्वतःच्या वजनाने खाली येते. म्हणून खटक्याआधी हाताला स्पष्ट भिंत जाणवली पाहिजे. नेहमीच्या ढकल्याच्या निदान दुप्पट जोर लागेल इतकी. स्प्रिंग बदलूनही ते होतं, पण जास्त पक्का उपाय म्हणजे फ्लोटमध्ये जायला मुठीवरची एक कळ दाबून धरायला लावणं, बाहेर यायला मात्र नाही. बाहेर येणं केव्हाही, नुसत्या ओढण्याने झालं पाहिजे.

कोनाच्या सिलिंडरचा वेग

छोट्या दांड्याला फक्त उघडं-बंद असा व्हॉल्व्ह दिला तर काय होतं, ते हिशेबाने पाहू. ५० मि.मी. व्यासाचा, २५ मि.मी. दांडीचा, २५० मि.मी. लांब चालणारा सिलिंडर. पंपाकडून मिनिटाला २० लिटर तेल. बाहेर यायला ०.४९ लिटर लागतं, म्हणजे दीड सेकंद. आत जायला ०.३७ लिटर, म्हणजे १.१ सेकंद. एवढ्या वेळात ब्लेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० अंश फिरतं; बाहेर येताना सेकंदाला ४० अंश, आत जाताना ५५. चालकाला पाच अंश हवेत. बोटाची हलकी टिचकी ०.१५ सेकंदाची धरली तरी एका बाजूला ६ अंश, दुसऱ्या बाजूला ८. तो पुढे-मागे टिचक्या मारत बसतो आणि ‘हे नीट लागतच नाही’ म्हणतो.

दोन्ही होजमध्ये एका बाजूनेच अडवणारा अरुंद छिद्राचा रोधक टाकला आणि पूर्ण फिरण्याचा वेळ तीन-साडेतीन सेकंदांवर आणला, की तोच दांडा शहाणा वाटू लागतो. रोधक सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाला अडवणारा लावावा. आत येणाऱ्याला अडवलं तर ब्लेडला दगड लागल्यावर सिलिंडर पळतो. आणि हा रोधक अवजाराच्या बाजूला असावा, गाडीच्या बाजूला नको. बर्फाच्या नळकांड्याला वेगळा वेग लागतो, झाडूला वेगळा. गाडीत एकच रोधक टाकला तर एक अवजार सुधारतं आणि बाकीची बिघडतात.

होजची अदलाबदल

अवजार बदललं की सोपं नियंत्रण पुन्हा अवघड होऊ शकतं, कारण होज उलटे लागले तर डावीकडे ढकललेला छोटा दांडा ब्लेड उजवीकडे नेतो. एकाच जोडीसाठी यावर चोख उपाय आहे: गाडीवर होज जोडायचा एक कपलर नर आणि दुसरा मादी ठेवायचा, अवजारावर त्याच्या उलट. मग चुकीचं लागतच नाही. दोन जोड्या असतील तर दुसऱ्या जोडीचं माप वेगळं ठेवावं, नाही तर रंगीत बाह्या. सपाट तोंडाचे, आयएसओ १६०२८ प्रकारचे कपलर घेतले तर पुसायला सोपे आणि आत माती कमी जाते.

त्याहून आधी ‘डावीकडे’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं, आणि इथे बरेच जण घसरतात. ब्लेड डावीकडे वळवलं म्हणजे ब्लेडचं डावं टोक पुढे गेलं, की मागे? दोन फॅब्रिकेटर दोन अर्थ घेतात. नियम असा ठेवावा की दिशा म्हणजे माल जिथे जातो ती. दांडा डावीकडे, तर बर्फ डावीकडे पडतो. झाडूने कचरा डावीकडे जातो. नळकांडं डावीकडे फेकतं. प्रत्येक अवजारावर या अर्थाने होजचं टोक ठरवून खूण करावी.

कपलर बसत नाही ही दुसरी रोजची कटकट. बहुतेक वेळा आत दाब अडकलेला असतो. अवजार उन्हात पडलं की होजमधलं तेल फुगतं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी हा अनुभव कुणालाही येईल. अवजार काढण्यापूर्वी ते जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, छोटा दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण ढकलून धरला की गाडीच्या आणि अवजाराच्या होजमधला दाब उतरतो. कपलर त्यानंतरच काढायचे. हे वाक्य चालकाच्या पुस्तकात पान ४० वर असून उपयोग नाही. कपलरशेजारच्या पत्र्यावर हवं. व्हेंट्रॅकमध्ये पीटीओचा जोर पट्ट्याने पुढे जातो: अवजाराचा पट्टा गाडीच्या पुलीवर चढवायचा आणि ताण द्यायचा. हेही हाताने, इंजिन बंद असतानाच होतं. त्यामुळे होज आणि पट्टा एकाच थांब्यात उरकतात. ही मांडणी अवजार बदलताना गाडीभोवती माराव्या लागणाऱ्या फेऱ्या वाचवते.

जेसीबीचा हात

महाराष्ट्रात अशी गाडी चालवायला जो माणूस मिळेल तो बहुधा बॅकहो लोडरवर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जेसीबीवर तयार झालेला असेल, किंवा साखर कारखान्यात बगॅस ढकलणाऱ्या मोठ्या लोडरवर. मोठा लोडरही कमरेतूनच वळतो, तेव्हा वळणाची जाण त्याला असतेच. अडचण उजव्या हाताची आहे. त्याच्या हाताला सवय: दांडा मागे ओढला की बकेट वर, पुढे ढकलला की खाली. एसडीएलए धाटणीच्या दांड्यावर मागे ओढलं की गाडी मागे जाते. शांतपणे काम करताना तो चुकत नाही. चुकतो तो घाईत: बकेट भिंतीला लागायला आली, वर घ्यायला हात मागे ओढला, आणि गाडी मागे सुटली. इथे तरी परिणाम बरा. उलटं पाहा: बकेट खाली घ्यायला दांडा पुढे ढकलला आणि गाडी पुढे, समोरच्या माणसाकडे.

अशा माणसाला पहिला अर्धा तास अवजाराशिवाय, नुसतं चालवायला द्यावं, म्हणजे ‘हा दांडा म्हणजे गाडी’ ही खूणगाठ बसते. मुठीचा आकारही जेसीबीच्या गोल गोळ्यासारखा नको. हाताला वेगळं लागलं की मेंदू वेगळा नियम उचलतो. नारिंगी रंग इथेही कामाला येतो.

तपासणी

मांडणी जमली की नाही ते मतं विचारून कळत नाही, ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं. तीन शंकू १० मीटर अंतरावर ठेवावेत. चालकाने ब्लेड टेकवून पुढे जायचं, शंकूशी उचलायचं, मागे येता येता कोन बदलायचा, पुढच्या पट्ट्यावर यायचं. अशा वीस फेऱ्या. एक कॅमेरा हातांवर, एक चेहऱ्यावर. मोजायचं तीनच: नजर दांड्याकडे किती वेळा गेली, पहिली हालचाल किती वेळा चुकीची होती (नंतर सुधारली तरी ती चूकच), आणि हात किती वेळा मूठ सोडून दुसरीकडे गेला. शेवटच्या दहा फेऱ्यांत चुकीची पहिली हालचाल एकही नको. एखाद्या ठिकाणी तीच चूक दोन वेगळ्या माणसांनी केली, तर माणसं शिकवायच्या आधी दांडा तपासावा.

तपासणीला ट्रॅक्टरचा सराव असलेला एक, जेसीबीचा एक, आणि आयुष्यात फक्त दुचाकी चालवलेला एक घ्यावा. एक उंच आणि एक बुटका असावा. दांड्याचं टोक सीटच्या संदर्भबिंदूपासून हाताच्या सुखाच्या टप्प्यात आहे का, हे आयएसओ ६६८२ मधल्या आकृत्यांवर ताडून पाहता येतं, पण जाड जॅकेट आणि हातमोजे घातलेल्या माणसाची बोटं छोट्या दांड्यावर बसतात का, हे फक्त हातमोजे घालूनच कळतं. ओहायोच्या हिवाळ्यात गाडी त्याच हातांनी चालते.

सीटचा स्विचही त्याच दिवशी तपासावा. खड्ड्यातून जाताना माणूस क्षणभर उचलला गेला आणि पीटीओ बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्विचच्या तारा एकत्र पिळून ठेवतो. म्हणून स्विचला अर्ध्या-एक सेकंदाची विलंबाची मुभा द्यायची. एकदा बंद पडलेला पीटीओ माणूस परत बसला म्हणून आपोआप सुरू होता कामा नये. कळ खाली दाबून पुन्हा वर खेचावीच लागली पाहिजे. आणि गाडी जॅकवर, चारही चाकं अधांतरी ठेवून, इंजिन पूर्ण गतीवर आणि दांडा मध्ये सोडून पाहावं. एकही चाक रेंगाळत फिरत असेल, तर पंपाच्या हाताचा मध्य जुळवून मगच गाडी खाली उतरवावी.